मागची सीट खरं बोलते

माझी धाकटी बहीण आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला गावी दिली आहे. 'बेला' म्हटलं की आपल्याकडची माणसं हमखास 'बेळगाव' ऐकतात! सीमा मात्र तिथेही आहे. पैनगंगेच्या अलीकडे तेलंगण, पलीकडे महाराष्ट्र. आपल्याकडे जसं मराठी-कन्नड, तसं तिच्याकडे घरात मराठी आणि कचेरीत तेलुगू.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "दादा, कापसाचे पैसे आलेत. हे जुनी अर्टिगा घ्यायची म्हणतात. तू येऊन बघ." घरात सासू-सासरे, तीन मुलं आणि ही दोघं, मोजून सात. सासऱ्यांना दवाखान्यासाठी सारखं आदिलाबादला न्यावं लागतं. पैसा वर्षभराच्या घामाचा. नाही कसं म्हणणार?

गाडी नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात होती. २०१४ ची, डिझेलची. रंग चकचकीत, आत अत्तराचा घमघमाट, किंमतही बाजारापेक्षा कमी. दाजी खूश. "भाऊ, इंजिन बघा, कसं गुळगुळीत चालतंय!" मी बॉनेटवर हात ठेवला, तर ते आधीच गरम. जुनी गाडी थंड असताना स्वतः सुरू करून बघावी. धूर आणि खडखड तेव्हाच कळते.

मग म्हटलं, एकट्याने चालवून बघितलेली गाडी सात जणांची नव्हे. सगळे बसा. सासूबाईंना गुडघ्यांमुळे मधल्या सीटवर चढता येतं का, ते पाहिलं. मागची सीट उभी केली की डिकीत एखादं बोचकंच मावतं, हेही दाजींना तेव्हाच उमगलं.

भाची सगळ्यात मागे बसली. मी तिला पट्टा पार शेवटपर्यंत ओढायला सांगितला. तिने ओढला आणि हात पुढे केला. "मामा, ही तर आपल्या वावरातली माती!" पट्ट्याच्या आतल्या टोकाला काळ्या मातीचा वाळलेला थर होता. खाली वाकून पाहिलं, तर सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले. जुलै २०२२ मध्ये पैनगंगेला आलेला पूर तिकडे कुणी विसरलेलं नाही. गाडी पाण्यात उभी राहिलेली असावी. पुढचं सगळं धुऊनपुसून लख्ख केलं होतं. मागे कोण बसतंय म्हणून ते तसंच राहिलं. अशा गाडीच्या वायरिंगचा भरवसा नसतो. आज चालते, उद्या रात्री दवाखान्याच्या वाटेवर बंद पडते.

दाजींचा चेहरा उतरला, पण इसार दिलेला नव्हता. विकणाऱ्याशी वाद घातला नाही. त्यालाही कुणीतरी अशीच गळ्यात मारली असेल.

गाडी चांगली निघाली असती, तरी कागद उरलेच होते. चेसिस नंबर आरसीशी जुळतो का, बँकेचा बोजा उतरलाय का, हे आधी बघायचं. परराज्यातली गाडी असेल, तर मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचं. घेणाऱ्याने ३० दिवसांत मालकी बदलाची नोंद मागायची. गाडी १२ महिन्यांहून अधिक दुसऱ्या राज्यात राहणार असेल, तर तिथला नवा नंबर आणि तिथला कर आलाच. तो खर्च किमतीत धरूनच सौदा करा. कोल्हापूरची गाडी निपाणीला आणणाऱ्यांनाही हेच लागू. आणि विकणाऱ्यांनो, नाव बदलल्याची खात्री करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय, की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव, भरपाईसाठी तोच मालक.

दोन महिन्यांनी बहिणीने आदिलाबादमधलीच एक गाडी घेतली. थोडी महाग पडली, पण सर्व्हिसिंगची सगळी नोंद मिळाली. ती बघायलाही सातही जण गेले होते, आणि पट्टा आधी भाचीने ओढला.

आपल्याकडे बाजारात म्हणतात ना, 'नोडी तगोरी'. बघून घ्या. फक्त बघायला मागून सुरुवात करा.