उपाशीपोटी की येईल तशी?

धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या पाड्यावरची सहाव्या महिन्यातली बाई उपकेंद्रात येते, तेव्हा तिने सकाळी भाकरी खाल्लेली असते. ‘उद्या उपाशीपोटी ये’ म्हटले, तर तिची मजुरी बुडते आणि ती परत येईलच याची खात्री नसते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांनी तिच्यासाठी सोय केली आहे: जेवली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजायचे, दोन तासांनी साखर मोजायची; ती १४० मिलिग्रॅम/डेसिलिटर किंवा अधिक भरली, तर गरोदरपणातला मधुमेह.

यावरचा आक्षेप खोटा नाही. ज्यांची उपाशीपोटीची साखरच वाढलेली असते, अशा काही जणी या चाचणीतून निसटतात. जागतिक निकषात उपाशीपोटी ९२ हीही एक मर्यादा आहे.

पण साखर वाढते कशाने, हेही पाहायला हवे. वार स्वतः हार्मोन तयार करते. लॅक्टोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि जोडीला वाढलेले कॉर्टिसोल आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात, म्हणजे बाळाला साखर मिळत राहते. स्वादुपिंडाला जास्तीचे इन्सुलिन पुरवता आले नाही, की साखर चढते. दिवस भरत जातील तशी इन्सुलिनची ही गरज वाढत जाते. त्यामुळे पहिल्या भेटीतला चांगला रिपोर्ट पुरेसा नाही. २४ ते २८ आठवड्यांत चाचणी पुन्हा हवीच.

ही तपासणी फक्त जाड बायकांची करावी, हे म्हणणे मला मान्य नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे, की आपल्याकडची कमी वजनाची बाळेही अंगात चरबी जास्त घेऊन जन्मतात; म्हणजे नुसत्या वजनावरून धोका ठरवता येत नाही.

म्हणून धुळे जिल्ह्यात उपकेंद्रावर जेवून आलेल्या बाईचीही चाचणी व्हावी. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या बाईसाठी तीच एक संधी असते. मात्र घरात मधुमेह असलेल्या किंवा आधीचे बाळ फार वजनदार झालेल्या बाईची धुळे शहरातल्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयात उपाशीपोटीची साखरही पाहावी.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी होणारी साखरेची तपासणी बहुधा माहेरीच राहून जाते. लेक घरी आली, की तिचे माता-बाल संरक्षण कार्ड मागून घ्या आणि सहा आठवडे भरले, की तिला दवाखान्यात घेऊन जा.