“हे तर कोणीही करील!”

विद्युत्-यंत्रांच्या साहाय्याने निर्माण केलेले प्रयोगशील संगीत ऐकले की कित्येक जण म्हणतात, “यात कसली कला? कळ दाबली की आवाज निघाला. हे तर कोणीही करील!” हा आक्षेप न्याय्य नाही.

एकच उदाहरण पाहा. १९६३ साली इंग्लंडमध्ये बी.बी.सी.च्या ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी रॉन ग्रेनर यांनी एक धून रचली. तिला नादरूप दिले डेलिया डर्बिशायर यांनी. केंब्रिज येथे गणित व संगीत शिकलेल्या या विदुषीजवळ कळ दाबताच हवा तो नाद देणारे वाद्य नव्हते. छेडलेल्या तारेचा आवाज आणि यंत्रातून निघणारे स्वर त्यांनी ध्वनिफितीवर घेतले. फितीचा वेग कमीअधिक करून एकेक स्वर साधला. स्वर जितका टिकावा तितकीच फीत मोजून कापली व तुकडे जोडले. लांबी चुकली की लय बिघडलीच!

तरीही मालिकेच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव पडद्यावर आले ते २०१३ साली. त्यांचे निधन तर २००१ मध्येच झाले होते. श्रोत्यांनी तरी असा अन्याय करू नये.

तंबोऱ्याची तार कोणीही छेडील. तंबोरा सुरात लावणे मात्र साधनेनेच येते. यंत्राचेही तसेच आहे. कोणता नाद घ्यावा आणि कोठे थांबावे, हे यंत्र सांगत नाही; ते कान ठरवतो. हे संगीत कोणाला रुचणार नाही, हे मान्य. परंतु न रुचणे निराळे आणि त्यामागील श्रम नाकारणे निराळे.