मातीच्या पोटातला वारसा

वाईन म्हटलं की आपल्या घरांतून आजही भुवया उंचावतात. पण ही गोष्ट पिण्याची नव्हे, सांभाळण्याची आहे. तासगाव-विजापूरकडच्या द्राक्षमळ्यांत वाढलेल्यांना ती लगेच कळेल.

जॉर्जिया हा काळ्या समुद्राकाठचा छोटा देश. तिथं सुमारे ८,००० वर्षांपूर्वीही वाईन होत होती, हे उत्खननात सापडलेल्या खापरांवरून संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिलं. खेड्यांतल्या घरांत वाईनसाठी 'क्वेव्री' असते. क्वेव्री म्हणजे अंड्याच्या आकाराचा, तळाशी निमुळता असा भला मोठा मातीचा रांजण. आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात देऊन तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. आपल्याकडचं ज्वारीचं पेव, कानडीतलं हगेव आठवावं, असंच ते दृश्य.

सुगीत द्राक्षं तुडवून रस साली-बियांसकट आत ओततात. तो आपोआप आंबतो. दिवसातून अनेकदा ढवळायचा, मग तोंड दगड-मातीनं बंद करायचं आणि वसंतात उघडायचं. जमिनीचा गारवा रस सांभाळतो, गाळ तळाच्या टोकात बसतो. कधी ढवळायचं, कधी झाकायचं, हे मुलं वडिलांशेजारी उभी राहून शिकतात. २०१३ साली युनेस्कोनं ही रीत मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

पण यादीत नाव आलं म्हणून चूल पेटत नाही. सोव्हिएत काळात कारखान्यांचा जोर होता, ही रीत घरापुरतीच उरली. पुढं २००६ साली रशियानं जॉर्जियाची वाईन घेणं थांबवलं, ते २०१३ पर्यंत. सर्वांत मोठं गिऱ्हाईकच गेलं. खेड्यातली पोरं शहराकडं निघाली, तर रांजणाशी उभं कोण राहणार?

इमेरेती प्रांतातल्या ओबचा गावची बाया अबुलाद्झे उभी राहिली. घरी पिढ्यान्‌पिढ्या वाईन होत आलेली. हे काम पुरुषांचं, असा तिकडचा समज. विशीतल्या बायानं २०१५ साली घरची वाईन बाटलीत भरून त्यावर स्वतःचं नाव घातलं. त्सित्स्का, त्सोलिकौरी, क्राखुना ही द्राक्षं तिच्याच भागातली. पुढं बहीण आणि भाऊही या कामात आले. रीत आजोबांची, बाटली आणि नाव नातीचं. दोन्ही होतं म्हणून ती वाईन परदेशी पोचली.

आपल्या घरांतही अशी पुरलेली भांडी आहेतच. आजी म्हणा की अज्जी, तिच्या लोणच्यातलं मीठ अंदाजाचं असतं आणि तो अंदाज कुठल्याच वहीत नसतो. या उन्हाळ्यात सांडगे घालताना नातीला शेजारी बसवा. नातवालाही. अज्जी त्याला संडिगे म्हणाली तर तेही कानावर पडू द्या. दोन शब्द मिळतील आणि हात एकच शिकेल.