एक मिनिट, प्लीज!

मैत्रिणीला सातवा महिना लागलाय. बीपी वाढल्यामुळे ‘बाळ थोडं आधीच बाहेर काढावं लागेल कदाचित’ असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. परवा तिच्याकडे गेले, तर दोघं नवरा-बायको कॉर्ड ब्लड बँकेचं ब्रोशर घेऊन बसलेले. गुळगुळीत कागद, गोंडस बाळ, खाली ईएमआयचा तक्ता. नाळेतलं रक्त साठवा, पुढे उपयोगी पडेल, असा एकूण मामला.

मी म्हटलं, अगं, पण ते रक्त बाळाला त्याच मिनिटाला हवं असतं, त्याचं काय?

गंमत अशी, की बाळ बाहेर आल्यावरही थोडा वेळ वारेतलं रक्त नाळेतून त्याच्याकडे येतच असतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या मिनिटात साधारण ८० मिली मिळतं. कटिंग चहाएवढं! आणि एक किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच मुळी तेवढं असतं. त्यात आईकडून लोहाचा मोठा साठा मिळतो तो शेवटच्या तीन महिन्यांत. लवकर आलेल्या बाळाचा तोच हुकतो. वर एनआयसीयूत तपासण्यांसाठी सारखं रक्त काढणार. मग बाळ फिकं पडतं आणि बाहेरचं रक्त चढवायची वेळ येते. नाळ जरा थांबून कापली, तर ही वेळ कमी बाळांवर येते.

नुसतं अॅनिमियाचंही नाही. २०२३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अनेक देशांतल्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब छापून आला. वेळेआधी जन्मलेल्या, लगेच नाळ कापलेल्या शंभरातली सुमारे आठ बाळं दगावली होती. अर्धा मिनिट किंवा जास्त थांबलं तिथे सहा.

बरं, हे ज्ञान नवंही नाही. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी १८०१मध्येच नाळ घाईने कापू नका असं लिहिलं होतं. पण विसाव्या शतकात ‘बाळ आलं की खटकन चिमटा’ हीच सवय झाली. का, तर आईला रक्तस्राव कमी होईल म्हणून. थांबल्याने तो वाढत नाही, हे नंतर चाचण्यांत दिसलं. आता जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबा म्हणते. आपल्याकडे २०१८च्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमातही हे आहेच.

अर्थात बाळ श्वासच घेत नसेल किंवा आईला जोरात रक्तस्राव होत असेल, तर डॉक्टर थांबणार नाहीत. तिथे हट्ट नको. आणि घाई आहे म्हणून नाळ पिळून रक्त आत ढकलायचा शॉर्टकट? फार लवकर, म्हणजे २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांसाठी तो नकोच. मेंदूत रक्तस्राव वाढलेला दिसल्याने २०१९मध्ये तशी चाचणी त्या बाळांसाठी थांबवावी लागली होती.

राहता राहिलं ब्रोशर. नाळ थांबून कापली की बँकेच्या पिशवीत रक्त कमी जातं, साधा हिशेब. स्वतःच्याच बाळासाठी असं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआरनेही २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. ईएमआय कशाचा भरायचा मग?

मैत्रिणीने पुढच्या अपॉइंटमेंटची यादी काढली. ‘एसी रूम मिळेल का’च्या खाली चौथा प्रश्न लिहिला: ‘नाळ किती वेळाने कापणार?’ पाचवा नवऱ्याने घातला: ‘मला आत सोडणार का?’ स्टॉपवॉच तो लावणार आहे म्हणे.