भीमगीत समोर बसून ऐकू या!

जयंती जवळ आली की कोल्हापुरात आपली पावले बिंदू चौकाकडे वळतात. बाबासाहेबांच्या हयातीतच, १९५० साली, येथे त्यांचा पुतळा बसला, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. पण बाबासाहेबांचा विचार गावोगाव गाण्यांनी पोहोचवला, हे किती मुलांना ठाऊक आहे?

आमच्या वस्तीतल्या मुलांना भीमगीत म्हणजे मिरवणुकीतला डॉल्बी एवढेच माहीत होते. छाती धडधडते, शब्द मात्र कानी पडत नाही. म्हणून मागल्या जयंतीला आम्ही विहाराच्या अंगणात सतरंज्या टाकल्या आणि गायन पार्टी बोलावली. पेटी, ढोलकी, टाळ आणि मागे झील धरणारे दोघे. गायकाने माणगाव परिषदेचे गाणे घेतले. कडवे संपले की थांबून तो सांगे: २१ व २२ मार्च १९२०, अध्यक्ष बाबासाहेब, आणि छत्रपती शाहू महाराज स्वतः हजर. सहावीतल्या एका मुलीने हळूच विचारले, "आई, हे माणगाव आपल्या हातकणंगले तालुक्यातलंच ना?" धडा पाठ होता, पण गाव तिला त्या रात्री सापडले.

ही परंपरा सत्यशोधक जलशांपासूनची. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी तमाशाचा बाज घेऊन आंबेडकरी जलसे उभे केले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) तरुणपणी मुंबईत अक्षरे शिकले आणि पुढे हजारो गीते लिहून आयुष्यभर गात फिरले.

दूर ब्राझीलमध्येही असेच आहे. रिओ शहरातले 'शोरो' संगीत वादक टेबलाभोवती बसून वाजवतात, लोक भोवती जमतात, नवशिका तेथेच शेजारी बसून शिकतो. पिशिंगिन्या हा त्यातला थोर कृष्णवर्णीय कलावंत. १९१९ साली एका सिनेमागृहात वाजवू लागला तेव्हा त्याला व त्याच्या साथीदारांना कातडीच्या रंगावरून बोलणी खावी लागली. आज २३ एप्रिल हा दिवस त्याच्या स्मरणार्थ शोरो दिन म्हणून तो देश पाळतो. ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांचेच गाणे देशाचा मान झाले!

भगिनींनो, येत्या जयंतीला मंडळाच्या बैठकीत तुम्हीच विषय काढा. एक रात्र तरी गायन पार्टीची ठेवा. मुलांना पुढे बसवा, कोरसात म्हणू द्या, ढोलकीला हात लावू द्या. आणि कलावंताची बिदागी त्याच रात्री मानाने हाती द्या. गाणारा घरी रिकाम्या हाताने गेला, तर त्याचा मुलगा ढोलकी कशाला शिकेल?

जयभीम!