आमदार मत देतात, पण कुणाचं?

आमच्या आमदारांच्या संपर्क कार्यालयात सोमवारी पाय ठेवायला जागा नसते. कुणाला जळालेली डीपी बदलून हवी असते, कुणाला सुनेची बदली जवळच्या शाळेत. कुणी लग्नपत्रिका घेऊन ताटकळत असतं. ‘गेल्या अधिवेशनात कुठल्या विधेयकाला होय म्हणालात?’ असं विचारणारा मला तिथे अजून भेटलेला नाही.

विचारून तरी काय कळणार म्हणा! बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानेच निघतात. कुणी मतविभागणी मागितली तरच नावानिशी नोंद राहते. त्यात व्हिप. पक्षांतर रोखायला १९८५ मध्ये राज्यघटनेला जोडलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षादेश मोडून मत दिलं किंवा मतदान टाळलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकीवर गदा. पक्षांतर किती थांबलं, ते २०२२ साली शिवसेना फुटली तेव्हा आपण पाहिलंच. मतदारसंघासाठी पक्षाविरुद्ध मत देण्याची सोय मात्र गेली. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं, की ही अपात्रता विश्वास-अविश्वासाच्या ठरावांपुरती ठेवा. शिफारस धूळ खात पडली.

मोकळीक दिली की आमदार लोकांचं ऐकतील, असंही मी समजत नाही. विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदारांचं मतदान गुप्त असतं. जुलै २०२४ मध्ये काय झालं? आधी हॉटेलांत मुक्काम, मग फुटलेली मतं. मतदारसंघाचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

म्हणून व्हिप सैल करायचाच, तर आधी प्रत्येक विधेयकावर मतविभागणी घ्या आणि आमदाराचं मत नावासकट तहसील कचेरीच्या फलकावर लावा.