ईस्टरच्या पंगतीत थोरांची खुर्ची

वसईहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या सासूबाईंचे वय ७८. घरातील ईस्टरचे जेवण गेली चाळीसहून अधिक वर्षे त्यांच्याच हातचे. बाटली मसाल्याचे प्रमाण त्यांना तोंडपाठ आणि फुग्यांचे पीठ मुठीतून तेलात सोडण्याचे कसब त्यांच्याइतके घरात कोणालाच नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणे बरेचसे सावरले. उजवा हात मात्र अधू राहिला आणि गिळताना ठसका लागतो. यंदा ५ एप्रिलला ईस्टर आहे. जेवायला पंधरा-सोळा माणसे. मुलाचे म्हणणे असे की, आईला आधीच तिच्या खोलीत मऊ भात भरवून घ्यावा, म्हणजे सर्वांना निवांत जेवता येईल. सूनबाईंनी विचारले आहे, "त्या दिवशी त्यांना काय खाऊ घालू?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मी देणारच आहे. परंतु त्याआधी त्या कोठे बसणार, हे ठरवावे लागेल. ज्या बाईने चाळीस वर्षे हे जेवण रांधले, तिला त्याच दिवशी बंद दाराआड मऊ भात भरवला, तर तो भात तिच्या घशाखाली उतरणार नाही; आणि याचे कारण पक्षाघात नसेल. त्यांची खुर्ची मेजाशीच हवी. जेवणाची सारी आखणी त्या खुर्चीपासून सुरू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ईस्टरचे जेवण इतर सणांच्या जेवणाहून एका बाबतीत वेगळे. त्याच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. वसईत, मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत आणि गोव्यातही अनेक कुटुंबे या दिवसांत मांस वर्ज्य करतात. चर्चच्या नियमाप्रमाणे भस्म बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवसांचा उपवास वयाची ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंतच बंधनकारक आहे. आजारी माणसाला तर कोणत्याही वयात मोकळीक आहे. पण ही मोकळीक घेणे आपल्या थोरांना कमीपणाचे वाटते. सगळे वगळून पेज-लोणच्यावर दिवस काढणारी आजी मी माझ्या माहेरी पाहिली आहे. अशाने पोटात प्रथिने कमी जातात आणि उतारवयात गेलेले स्नायूंचे बळ सहजी परत येत नाही. मासळी आणि अंडी मांसत्यागाच्या नियमात येत नाहीत, हे त्यांना आठवण करून द्यावे. शेवटच्या आठवड्यात तरी रोजच्या ताटात मासळीचा मऊ तुकडा, उकडलेले अंडे किंवा घट्ट वरण असू द्यावे. म्हणजे रविवारचे ताट पोटाला परके वाटत नाही.

आता वेळेविषयी. येथे मला थोडे थांबावे लागेल, कारण हा धडा मी घरातच शिकले आहे.

माझे वडील तेव्हा ८२ वर्षांचे होते. शनिवारी रात्रीच्या जागरणविधीला ते हट्टाने गेले. मेणबत्ती हाती धरून बराच वेळ उभे राहिले. घरी परतून निजायला दीड वाजला. सकाळी आठला रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी घेतली, चहाबरोबर एक बिस्किट खाल्ले. पाहुणे यायचे होते, म्हणून जेवण लांबत गेले. पाने मांडली तेव्हा पावणेतीन झाले होते. भूक सडकून लागलेली; वडील आनंदाने आणि पोटभर जेवले. अर्धा पेला वाईनही घेतली. तासाभराने पाहुण्यांना निरोप देण्यासाठी ते खुर्चीतून झटकन उठले, ओट्याच्या पायरीपर्यंत गेले आणि कोसळले. खुब्याचे हाड मोडले. पुढचे तीन महिने बिछान्यात गेले. मी स्वतः आहारशास्त्र शिकवीत असे, आणि त्या दिवशीचे वेळापत्रक मीच केले होते.

आम्हाला वाटले, साखर उतरली असेल. साखर ठीक होती. उतरला होता तो रक्तदाब. जेवणानंतर पचनासाठी पुष्कळ रक्त आतड्यांकडे वळते. तरुण शरीर हृदयाची गती वाढवून आणि इतर रक्तवाहिन्या आकुंचित करून दाब सांभाळते. उतारवयात ही सावरण्याची क्रिया मंदावते, आणि जेवणानंतरच्या पहिल्या दोन तासांत दाब खाली येतो. भात, पाव, गोड असे पिष्टमय जेवण जितके भरपेट, तितका हा उतार अधिक. मधुमेह, कंपवात किंवा जुना रक्तदाब असणाऱ्यांना याचा धोका जास्त. त्यात मद्य, उकाडा आणि जागरण मिळाले की पायाखालची जमीन सरकायला एकदम उभे राहणे पुरेसे होते.

म्हणून वाचकहो, जेवणाची वेळ पाहुण्यांच्या सोयीने ठरवू नका. ती घरातील सर्वांत थोर माणसाच्या नेहमीच्या जेवणवेळेवर ठरवा. रोज साडेबाराला जेवणाऱ्याला सणाच्या दिवशीही साडेबाराला पहिला घास मिळाला पाहिजे. पाहुणे उशिरा येणार असतील, तर आईवडिलांना आपल्या वेळी अर्धे जेवण द्यावे आणि उरलेले अर्धे सर्वांबरोबर. एका मोठ्या जेवणाची दोन लहान जेवणे केली, तर दाबही सांभाळला जातो आणि पंगतही साधते. जेवणाच्या थोडे आधी पेलाभर पाणी प्यायला द्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. जेवणानंतर निदान तासभर त्यांना बसूनच राहू द्यावे. निरोप घ्यायला पाहुण्यांनी त्यांच्या खुर्चीपाशी यावे, त्यांनी दारापर्यंत जाऊ नये. आमच्या घरी आता हीच रीत आहे.

गोळ्यांच्या वेळा सणाच्या आठवड्यातच डॉक्टरांशी बोलून ठरवून घ्याव्यात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन जेवण लांबले, तर साखर धोकादायक खाली जाते. मद्याने ती आणखी घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे दिसताच, माणूस शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. ज्यांना पातळ पाण्याने ठसका लागतो, त्यांच्यासाठी अशा वेळी काय द्यायचे हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. कंपवातासाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांनी ती मांसाच्या जेवणाबरोबर घेऊ नये; प्रथिनांमुळे औषध नीट शोषले जात नाही. बहुधा जेवणाच्या अर्धा तास आधी ती घ्यायला सांगतात.

आता पत्रातील मूळ प्रश्न. ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांचे अन्न ओलसर, एकजीव आणि एकाच पोताचे असावे. रश्श्यात तरंगणारे तुकडे सर्वांत अवघड, कारण पातळ रस्सा घशात पुढे पळतो आणि तुकडा मागे राहतो. फुगे, पाव, वडे हे कोरडे आणि चिकट. त्यांचा तोंडात गोळा होतो. तेव्हा यंदा सासूबाईंच्या ताटात फुगा नको, हे मला कठोरपणे सांगावे लागते. विंदालू मात्र असू शकतो. (काही घरांत त्याला इंद्याल म्हणतात. पोर्तुगीजांबरोबर आलेला हा पदार्थ. नावातच वाईन आणि लसूण आहेत, बटाट्याशी त्याचा संबंध नाही.) मांस मंद आचेवर इतके शिजवावे की बोटाने दाबताच तंतू सुटतील. मग त्यातला वाटा त्याच्याच दाट रश्श्यासह मिक्सरमध्ये फिरवून घ्यावा. मऊ, घोटलेल्या भाताबरोबर तो द्यावा, आणि इतरांच्या ताटासारख्याच ताटात, वाटीत ओतून नव्हे, नीट वाढून द्यावा. गोडासाठी कॅरामल पुडिंग उत्तम. सर्वांनाच तेच करा, म्हणजे वेगळे काही उरत नाही. जेली आणि आइस्क्रीम मऊ दिसतात, पण तोंडात वितळून पाण्यासारखे होतात. ज्यांना घट्ट द्रवच प्यायला सांगितले आहे त्यांना ते देऊ नयेत. हे सारे करण्यापूर्वी त्यांच्या स्पीच थेरपिस्टला एकदा विचारून घ्या. कोणता पोत झेपेल हे तपासूनच सांगता येते.

बसताना पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले. घास लहान. तोंडात घास असताना त्यांना कोणी प्रश्न विचारू नये, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. त्यांना भरवणाऱ्याने शेजारी बसावे, उभे राहून भरवू नये. एका वेळी एकच माणूस बोलेल अशी पंगत आपल्याकडे कधी होत नाही, हे मी जाणते. निदान स्पीकरवरची गाणी जेवणाच्या वेळी बंद ठेवावीत आणि थोरांची पाठ भिंतीकडे असावी, म्हणजे मागचा गोंगाट थांबतो आणि समोरचे चेहरे दिसतात. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे, त्यांना एका वेळी एकच पदार्थ वाढावा. पांढऱ्या ताटात पांढरा भात त्यांना नीट दिसतही नाही.

मिठाविषयी बहुतेकांना वाटते की रक्तदाबाच्या माणसासाठी सणाचे जेवण म्हणजे संकट. या स्वयंपाकापुरते तसे नाही. वयाबरोबर चव आणि गंध मंदावतात, म्हणून थोर माणसे मीठ मागतात. पण व्हिनेगर, लसूण, आले आणि भाजलेला मसाला मिठाची उणीव पुष्कळशी भरून काढतात, आणि हे सर्व येथे आहेच. मीठ नेहमीच्या निम्मे घालून पाहा. मात्र बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी वापरू नका. त्यात पोटॅशियम असते. याच कारणाने वसईची प्रसिद्ध सुकेळी आणि शहाळ्याचे पाणीही त्यांना विचारूनच द्यावे. सोरपोतेलात काळीज असते. ज्यांना गाउटचा त्रास आहे त्यांनी एखाद्या चमच्यावर समाधान मानावे.

विंदालू आणि सोरपोतेल दोन दिवस मुरल्यावर अधिक चविष्ट लागतात, ही गृहिणींची सोय आहे. तीच सोय एप्रिलच्या उकाड्यात धोक्याची होते. पूर्वी व्हिनेगरच्या भरवशावर हंडी चुलीजवळ ठेवत. आता तसे करू नये. शिजल्यावर पसरट भांड्यांत वाटून लवकर थंड करावे आणि शीतकपाटात ठेवावे. वाढण्यापूर्वी खदखदून उकळी आणावी, आणि एकदा गरम केलेले पुन्हा पुन्हा गरम करू नये. मेजावर मांडलेले अन्न दोन तासांच्या आत, आणि तापमान ३२ अंशांवर असेल तर तासाभरातच उचलावे. कच्च्या अंड्याचे काही, मग ते घरचे मेयोनेज असो की केकवरचे आयसिंग, थोरांना देऊ नये. मुलांनी रंगवलेली उकडलेली अंडीही दुपारभर बाहेर राहिली असतील, तर ती शोभेचीच समजावीत.

आणि सूनबाई, तुमच्याविषयी. सोळा माणसांचे जेवण आणि एक आजारी माणूस, दोन्ही एकट्याने पेलण्याचा आव आणू नका. गोड एका नणंदेकडे, भात आणि कोशिंबीर दुसरीकडे सोपवा. पुरुषांपैकी एकाला केवळ वेळेकडे आणि गोळ्यांकडे पाहण्याचे काम द्या. दुपारी तुम्हालाही तासभर पाठ टेकता आली पाहिजे.

एक काम मात्र सासूबाईंनाच द्यावे. मांस गुरुवारी सकाळी शिजेल असे पाहा. रस्सा दाट झाला की निवालेला चमचाभर, नुसताच, एकही तुकडा न येऊ देता, त्यांच्यापुढे धरा आणि विचारा, "आई, काय कमी आहे?" व्हिनेगर कमी असेल तर त्या सांगतील. मसाला कमी पडला असेल तर बहुधा तुम्हाला बोलतीलही. त्यांनी सांगितल्याप्रमाणे घाला, मीठ तेवढे सोडून.